शब्द पाठ आहेत, पण उताऱ्यात ओळखू येत नाहीत

“मॅडम, दीड हजार शब्द पाठ केले. झोपेत विचारलेत तरी अर्थ सांगेन. पण उतारा समोर आला की एकही ओळखीचा वाटत नाही. मराठी माध्यमातून शिकले ना, म्हणून असेल का?”

इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न मी वर्षाला पंधरा-वीस वेळा तरी ऐकते. या मुलीचं उदाहरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातली. वय सव्वीस, स्टाफ नर्स. वडील दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी, आई टोपली घेऊन मासे विकते. नर्स म्हणून इंग्लंडला जायचं तिने ठरवलं होतं. त्यासाठी आयईएलटीएस या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात सात आणि लेखनात साडेसहा बँड, म्हणजे त्या परीक्षेचे गुण, लागतात. दोनदा परीक्षा देऊन झाली होती आणि दोन्ही वेळा वाचनात साडेपाचच पडले होते. एका वेळची फी पंधरा हजारांहून जास्त, शिवाय मुंबईला जायचं-यायचं. दुसऱ्या वेळी आईने भिशीचे पैसे दिले होते. “तिसऱ्यांदा मागायला तोंड नाही,” असं म्हणून ती रडली. रडू ओसरेपर्यंत मी इंग्रजीचा विषय काढला नाही.

मग तिने पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, मधोमध पट्टीने आखलेली रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अक्षर मोत्यासारखं. पहिला शब्द ‘अबँडन’. अशा वह्यांचा पहिला शब्द बहुतेक हाच असतो, कारण क्लासमधून मिळणारी यादी एबीसीडीच्या क्रमाने असते. यादी तीनदा पहिल्यापासून सुरू करून तिन्ही वेळा ती ‘डी’च्या आसपास थांबली होती. अशी यादी हातात देऊन ‘पाठ करा’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मुलं कष्टात कमी पडत नाहीत. त्यांचे कष्ट चुकीच्या जागी लावले जातात आणि अपयश आलं की मुलं स्वतःला मठ्ठ समजू लागतात.

वहीत एका पानावर होतं, ‘सस्टेन – टिकवणे, चालू ठेवणे’. योगायोगाने तिच्या सरावाच्या उताऱ्यात वादळात सापडलेल्या जहाजाचं एक वाक्य होतं, ‘द शिप सस्टेन्ड सिव्हिअर डॅमेज’. मी म्हटलं, हे मराठीत सांग. ती म्हणाली, “जहाजाने मोठं नुकसान टिकवून ठेवलं.” बोलता बोलता तिच्याच कपाळाला आठी पडली.

मी विचारलं, “रात्री कॅज्युअल्टीत अपघाताची केस आली की केस पेपरवर काय लिहितात गं?”

“पेशंट सस्टेन्ड हेड इंजुरी.” उत्तर एका दमात आलं. मग ती थांबली. वहीकडे पाहिलं, उताऱ्याकडे पाहिलं. “अय्या! म्हणजे जहाजाला मार लागला. नुकसान झालं.”

हा शब्द ती चार वर्षं रोज ऐकत होती, लिहीत होती. पण वहीतला ‘सस्टेन’ आणि वॉर्डातला ‘सस्टेन’ एकच आहे हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. आम्ही वही उलटी करून मागच्या पानावर वॉर्डातले शब्द लिहायला घेतले. अॅक्यूट, क्रॉनिक, रेझिस्टन्स, टॉलरेट, अॅडमिनिस्टर, कल्चर. पाण्याची टंचाई अॅक्यूट असू शकते, बेकारी क्रॉनिक असू शकते, आणि जंतू औषधाला करतात तसाच रेझिस्टन्स एखाद्या नव्या कायद्यालाही होतो. ‘कल्चर’ म्हणजे लघवीची तपासणी एवढंच ती धरून होती. जंतू वाढवून करायची ती तपासणी आणि ‘संस्कृती’ हा कल्चरचा दुसरा अर्थ, वाढवणं, जोपासणं हा धागा दोन्हीकडे आहे हे कळल्यावर तिने तो शब्द दोनदा गिरवला. तासाभरात एकतीस शब्द निघाले. एकही नव्याने पाठ करावा लागला नाही.

तेव्हा मराठी माध्यमाची भीती आधी बाजूला ठेवू. मराठीतून शिकलेल्या मुलाला वाचून अर्थ लावण्याची सवय असते आणि ती दुसऱ्या भाषेत जाताना सोबत येते. कमी पडते ती इंग्रजी शब्दाची वारंवार गाठभेट. एका शब्दापुढे एक मराठी अर्थ लिहिला की शब्द आला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपल्याला त्याचं फक्त नाव कळलेलं असतं. त्याचं घर, त्याची ऊठबस कुणाबरोबर, हे वाचताना भेटूनच कळतं.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विसरण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. स्वतःवरच केलेले. पाठ करण्यासाठी त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरजुळण्या घेतल्या होत्या आणि त्यांतलं बरंचसं एका दिवसातच पुसलं जातं असं त्याला आढळलं. मी तिला म्हटलं, वाक्याशिवाय लिहिलेला शब्द आपल्या मेंदूसाठी तसाच निरर्थक. तू विसरलीस ते तुझं डोकं नीट आहे म्हणून.

दुसऱ्या बैठकीत तिने चुकलेली उत्तरं आणली. तिथे आणखी एक गोष्ट सापडली आणि ती मला शब्दसंग्रहापेक्षाही महत्त्वाची वाटते. उताऱ्यात होतं, अमुक बेटावरचे लोक ‘हार्डली’ मासे खातात. तिने ‘हार्डली’ म्हणजे ‘कष्टाने, जोरात’ असं धरलं. ‘हार्ड’वरून ते साहजिकच. पण त्याचा अर्थ ‘जवळजवळ नाहीच’. अख्खं वाक्य उलटं झालं आणि ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’मधले दोन प्रश्न त्यातच गेले. मोठ्या, बोजड शब्दांपाशी ती अडत होती, त्यांवर दोन-दोन मिनिटं घालवत होती. आणि ‘हार्डली’, ‘अनलेस’, ‘डिस्पाइट’, ‘रेअरली’ असे छोटे शब्द न बघता ओलांडत होती. खरं तर वाक्याची दिशा हेच ठरवतात. हे शब्द यादीत नसतात, कारण ते ‘सोपे’ समजले जातात. सात बँडच्या वाटेवरची निम्मी मुलं मला याच ठिकाणी घसरताना दिसतात.

मग मी तिला सरावाच्या उताऱ्यातले शंभर शब्द मोजायला लावले. त्यातले ठाऊक नसलेले अकरा निघाले. पॉल नेशन हे न्यूझीलंडमधले भाषातज्ज्ञ. त्यांनी सहकारी संशोधकाबरोबर २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असं पुढे आलं की मदतीशिवाय वाचून नीट समजायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ठाऊक हवेत. म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ असं क्लासमध्ये सांगतात, पण संदर्भच कळत नसेल तर ओळखायचं कशावरून? आणि परीक्षेत हातात किती वेळ? तीन उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटं. तिन्ही उताऱ्यांचे मिळून दोन हजारांहून जास्त शब्द.

“सहा आठवडे परीक्षेचे उतारे बंद,” मी म्हटलं. “सोपं वाचायचं. इतकं सोपं की पानात चार-पाचच शब्द अडतील. पण भरपूर.”

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, सोपं वाचून सात कसे पडतील?”

तिची शंका रास्त होती आणि ती मी झटकली नाही. तिला मायकेल वेस्ट यांची गोष्ट सांगितली. हे इंग्रज शिक्षक शंभर वर्षांपूर्वी बंगालमध्ये मुलांना शिकवत होते. मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्यांनी मोजक्याच शब्दांत गोष्टी लिहून घेतल्या, नवे शब्द थोडे थोडे आणले आणि आणलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटेल अशी सोय केली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आजही आधाराला घेतली जाते. त्यांच्यापुढची मुलं आपल्यासारखीच होती, घरी वेगळी भाषा बोलणारी. हे ऐकून ती थोडी सैल झाली.

वाचायचं काय, हे तिच्या ओळखीच्या जगातून निवडलं. शब्दमर्यादा पाळून लिहिलेली पातळ गोष्टींची पुस्तकं. आजारांवरची जागतिक आरोग्य संघटनेची माहितीपत्रकं, कारण विषय तिच्या हातातला. आणि आपल्याच किनाऱ्यावरच्या इंग्रजी बातम्या. मंडणगड तालुक्यातल्या वेळासची कासवं, २०१८ मध्ये हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन, पावसाळ्यातली मासेमारीबंदी. कासवाची मादी वाळूत अंडी घालते, पिल्लं समुद्राकडे जातात हे जिला लहानपणापासून ठाऊक आहे, तिला ‘हॅचलिंग’ (अंड्यातून निघालेलं पिल्लू) आणि ‘प्रिडेटर’ (त्याला खाणारा प्राणी) यांसाठी डिक्शनरी लागत नाही.

बाकीचे नियम थोडेच होते. वाचताना मोबाइलवर अर्थ शोधायचा नाही, पेन्सिलीने रेघ मारून पुढे जायचं. वाचून झाल्यावर जो शब्द दोन-तीनदा भेटला किंवा ज्याच्यावाचून वाट अडली तोच घ्यायचा, दिवसाला पाचांच्या वर नाही. चिठ्ठीवर तो शब्द जिथे भेटला ते पूर्ण वाक्य लिहायचं, मागे अर्थ. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने ती चिठ्ठी बघायची. पुढच्या टप्प्यावर अॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली आलेली शैक्षणिक शब्दांची यादी वापरली. त्यात ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, आहेत आणि अभ्यासाच्या इंग्रजी मजकुरातला जवळपास दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. पण तीसुद्धा पाठ करायला दिली नाही. वाचनात भेटलेल्या शब्दावर खूण करायची, इतकंच.

पहिले तीन आठवडे बरे गेले नाहीत. नाइट ड्युटी, एसटीचा प्रवास, जूनमध्ये वीज जायची. एकदा ती आलीच नाही. नंतर कळलं, आईशी भांडण झालं होतं. परीक्षेचं पुस्तक मिटून ही पोर गोष्टी वाचते, हे आईला खपत नव्हतं. मी आईला भेटायला बोलावलं.

आई आली, खुर्चीच्या कडेवर बसली. मी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हिला समाजलाय की नाय, ता आमी कसा वळकायचा? आमाला विंग्रजी येत नाय.”

त्या प्रश्नातूनच या कामातला सर्वात उपयोगी भाग निघाला. मी म्हटलं, रोज रात्री तिने जे वाचलं ते तुम्हाला मराठीत सांगायचं. तुम्ही फक्त विचारायचं.

मासेमारी बंद होती, त्यामुळे आईला संध्याकाळी वेळ होता. सुके बोंबील निवडता निवडता ती ऐकायची आणि मध्येच विचारायची, “मगे त्याणा पैशे परत दिले की नाय?” “डाक्टर नाय बोल्ला, तो कशासाठी?” जिथे मुलीला उत्तर देता येत नव्हतं, नेमका तिथेच वाचताना एखादा छोटा शब्द निसटलेला असायचा. ती उठून पुस्तक उघडायची, वाक्य पुन्हा वाचायची. माझ्या चाळीस मिनिटांच्या बैठकीत जे झालं नसतं, ते तिथे ओसरीवर झालं. पुढे पुढे आईच आठवण करू लागली. एका रात्री वीज नव्हती तर तिने कंदील लावून दिला.

सातव्या आठवड्यात आम्ही परीक्षेचे उतारे पुन्हा काढले. आधी वेळ न लावता, मग पंचवीस मिनिटांत एक, मग वीस. पूर्वी चाळीसपैकी अठरा-एकोणीस उत्तरं बरोबर यायची. सप्टेंबरअखेर सव्वीस-सत्तावीस येऊ लागली. साधारण तिशीच्या आसपास सात बँड मिळतात, म्हणून मी तिला फॉर्म भरू दिला नाही. ती रागावली. घाई कळत होती, पण भिशीचे पैसे पुन्हा वाया जाऊ नयेत हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. तीन सराव परीक्षांत सलग एकतीसच्या वर आल्यावरच तारीख घेतली. डिसेंबरात कोकणकन्येने रात्री निघाली, परीक्षा देऊन परत आली.

वाचनात सात. श्रवणात साडेसात, संभाषणात सात. लेखनात मात्र सहा. अर्धा बँड कमी पडला.

निकालाचा कागद घेऊन ती आली तेव्हा या वेळी रडली नाही. खुर्ची पुढे ओढून बसली, पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. रबर लावलेला, कडा मळलेल्या. सर्वात वरच्या चिठ्ठीवर जहाजाचं ते वाक्य होतं.

“आता लिहायचं कुठून सुरू करू, मॅडम?” तिने विचारलं. “आणि आई विचारतेय, आता रात्री तिला काय सांगायचं?”

मी म्हटलं, गोष्ट तशीच सांगत राहा. फक्त सांगून झाली की तीच पाच वाक्यांत इंग्रजीत लिही, आणि सकाळी आईला पुन्हा मराठीत वाचून दाखव.