काळी छत्री काळीच दिसायला हवी

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवतो. सुट्टीत कॅमेरा घेऊन फिरायचा छंद आहे. १८-५५ आणि १०-१८ मिलिमीटर अशा दोन लेन्स आहेत. धबधब्याचं पाणी रेशमासारखं यावं म्हणून गेल्या पावसाळ्यात सहाशे रुपयांचा, फिरवून गडद करायचा एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) मागवला. ठोसेघरला लावला तर फोटोवर काळपट फुली उमटली आणि झाडं पिवळट आली. आता चार-पाच हजार घालायची तयारी आहे. पण एनडी ८, एनडी ६४, ०.९, ३.०, नॅनो कोटिंग, यातलं नेमकं काय बघून घ्यायचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर, ती फुली तुमच्या हातून पडलेली नाही. फिरवायच्या फिल्टरमध्ये पोलरायझरच्या, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या, दोन काचा एकावर एक असतात. पार टोकापर्यंत फिरवलं आणि लेन्स १० मिलिमीटरइतकी वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणारी असली, की कडेकडून तिरका येणारा उजेड सगळीकडे सारखा अडत नाही. त्याचीच फुली दिसते. चांगल्या फिल्टरला फिरण्याची हद्द घालून दिलेली असते, म्हणून तिथे ती टळते. व्हिडिओवाल्यांना हा प्रकार सोयीचा, कारण त्यांना शटर १/५० सेकंदावर ठेवून उजेड सारखा कमी-जास्त करावा लागतो. तुम्हाला त्याची गरज नाही. तुम्ही ठरावीक गडदपणाचा एकच फिल्टर घ्या, सहा स्टॉपचा.

आकड्यांचा घोळ आधी सोडवू. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. तीन स्टॉप म्हणजे आठवा हिस्सा, तो एनडी ८. सहा स्टॉप म्हणजे चौसष्टावा, तो एनडी ६४. दहा स्टॉपला खरं तर १०२४ होतात, पण रिंगवर १००० छापतात. काही कंपन्या मात्र घनता लिहितात, दर स्टॉपला ०.३ प्रमाणे. म्हणजे ०.९ तीन स्टॉपचा, १.८ सहाचा आणि ३.० दहाचा. ३.० वाचून तीन स्टॉप समजणारे मला दर पावसाळ्यात भेटतात, आणि त्यांना ते धबधब्यासमोर पोचल्यावर कळतं.

सहाच का? ढगाळ दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान) ला शटर साधारण १/३० सेकंद येतं असं धरा. सहा स्टॉपने ते दोन सेकंदांवर जातं, दहाने ३४ सेकंदांवर. दोन सेकंदांत पाण्याच्या धारा वेगळ्या राहतात, पाणी पडतंय हे कळतं. ३४ सेकंदांत पांढरा पट्टा उरतो आणि पावसाळी वाऱ्यात आजूबाजूच्या कारवीची पानं पुसून जातात. मला तो पट्टा आवडत नाही. समुद्रासाठी दहाचा पुढे कधीतरी घ्या.

आता दर्जाचं. फिल्टरने उजेड कमी करावा, रंगाला हात लावू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ही अपेक्षा किती अवघड आहे ते मला हर्णैच्या बंदरावर कळलं. मासळीच्या टोपलीला टेकवलेली एक काळी छत्री, मागे होड्या, माझ्या लेन्सवर दहा स्टॉपचा स्वस्तातला फिल्टर. घरी येऊन बघते तर छत्री मरून रंगाची. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) बदलून छत्री काळी केली की समुद्र हिरवा व्हायचा. कारण असं, की असे फिल्टर दिसणारा उजेड अडवतात, पण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड बराचसा सोडतात. कॅमेऱ्यात सेन्सरपुढे बसवलेली काच एरवी तो जवळजवळ सगळा गाळते. पण शटर हजारपट वेळ उघडं राहिलं की उरलेला थोडाही साठत जातो. कृत्रिम धाग्याचं काळं कापड आणि हिरवी पानं तो भरपूर परतवतात, म्हणून रंग तिथेच बिघडतो आणि बाकीचं चित्र ठीक राहतं. सगळीकडे सारखी निळी झाक असेल तर ती संगणकावर काढता येते. ही काढता येत नाही.

म्हणून डब्यावर ‘आयआर’, म्हणजे अवरक्त उजेड, रोखण्याचा उल्लेख आहे का बघा, पण विश्वास तपासणीवर ठेवा. दुकानदाराशी बदलून देण्याचं आधी बोलून घ्या. घरी उन्हात नायलॉनची काळी छत्री उघडून ठेवा, शेजारी पांढरा कागद. कॅमेरा ट्रायपॉडवर, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर पक्का, ऑटोवर ठेवलात तर कॅमेराच दोष झाकून टाकेल. एक फोटो फिल्टरविना. मग फिल्टर लावून शटर ६४ पट लांबवून दुसरा. दोन्ही शेजारी ठेवा. छत्री काळी, कागद पांढरा आणि उजेड सारखा असेल तर फिल्टर ठेवा. दुसरा फोटो फारच उजळ किंवा काळोखा आला, तर छापलेला आकडा खरा नाही. मग लेन्स ५५ वर नेऊन लांबच्या पाटीवरची अक्षरं टिपा आणि पूर्ण मोठी करून वाचा. काचेचे दोन पृष्ठभाग नीट समांतर नसतील तर अक्षरं फुटतात. १० मिलिमीटरवर हा दोष लपून राहतो.

मापासाठी लेन्सच्या तोंडावर Ø या खुणेपुढचा आकडा वाचा. तुमच्या लेन्सवर ५८ आणि ६७ असतील, तर ६७ चाच फिल्टर घ्या आणि छोट्या लेन्ससाठी ५८-६७ ची स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर छोट्या लेन्सवर बसवणारी कडी. तिच्यासोबत त्या लेन्सचं हूड (तिरका उजेड अडवणारी झडप) बसणार नाही, तेवढं चालवून घ्या. वाइड लेन्सवर जुन्या यूव्ही फिल्टरवर हा चढवू नका, कोपरे काळे होतात. रिंग पितळेची मिळाली तर उत्तम. ॲल्युमिनियमची दमट हवेत अडकून बसते. अडकलीच तर रबरबँड गुंडाळून सोडवायची. पाणी न धरणाऱ्या कोटिंगचे जादा पैसे मात्र जरूर द्या. आपल्याकडे धबधबा असतो तेव्हा तुषारही असतात, आणि दोन सेकंदांच्या फोटोत काचेवरचा थेंब डाग होऊन बसतो.

प्रश्न : २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाचे फोटो एनडी १००० लावून काढता येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. सूर्यासाठी ५.० घनतेचा, म्हणजे उजेडाचा एक लाखावा हिस्साच आत सोडणारा खास सौर फिल्टर लागतो. तो लेन्सच्या पुढे, घट्ट बसलेला हवा. तुमचा १००० चा फिल्टर त्याच्या शंभरपट उजेड सोडतो, शिवाय अवरक्त उजेड किती सोडतो ते वर सांगितलंच. तो लावून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावलात तर डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि त्या क्षणी दुखतही नाही. दोन एनडी जोडून बेरीज जुळवण्याच्या भानगडीतही पडू नका. सौर फिल्टर आधीच आणून ठेवा आणि साध्या दिवशी स्क्रीनवर बघून सराव करा. आपल्याकडे ते ग्रहण खंडग्रास असेल आणि ऑगस्टचे ढग असतील, तेव्हा हातात मिळणारी मिनिटं थोडी असण्याची तयारी ठेवा.