वाचक विचारतात : युरोपातील केळ्यांचा तंटा आणि आपला माल

प्रश्न : आमच्या भागातील केळी आखाती देशांत जातात, परंतु युरोपात फारशी जात नाहीत. युरोप आणि अमेरिका यांच्यात केळ्यांवरून अनेक वर्षे तंटा चालल्याचे एका व्याख्यानात ऐकले. अमेरिकेत तर केळी फारशी पिकतच नाहीत. मग तिने या तंट्यात का पडावे, आणि आम्हा उत्पादकांचा त्याच्याशी काही संबंध आहे का?
— एक केळी उत्पादक, ता. रावेर

उत्तर : संबंध आहे, आणि तो समजण्यासाठी १९५७ च्या रोम करारापर्यंत मागे जावे लागते. त्या कराराने सहा देशांनी सामायिक बाजारपेठ उभारण्याचे ठरवले, तेव्हाच केळ्यांवरून मतभेद झाले. फ्रान्सला आपल्या ताब्यातील बेटांवरील आणि आफ्रिकेतील वसाहतींमधील मालाला संरक्षण हवे होते. पश्चिम जर्मनीकडे वसाहती नव्हत्या. तेथील ग्राहक लॅटिन अमेरिकेतील स्वस्त केळी खात असत आणि ती महाग झालेली चान्सेलर आडेनाउर यांना चालणार नव्हती. अखेर जर्मनीला विनाशुल्क आयातीची मुभा देणारे स्वतंत्र परिशिष्ट कराराला जोडावे लागले. पुढे ब्रिटन आला तो कॅरिबियन बेटांशी असलेले आपले जुने संबंध घेऊन, आणि १९७५ च्या लोमे कराराने आफ्रिका, कॅरिबियन व प्रशांत महासागरातील पूर्वीच्या वसाहतींना सवलतींची हमी मिळाली.

१९९३ मध्ये युरोपातील अंतर्गत सीमा मालासाठी खुल्या झाल्या, तेव्हा प्रत्येक देशाचे केळ्यांचे नियम वेगळे ठेवणे अशक्य झाले. नव्या सामायिक व्यवस्थेत लॅटिन अमेरिकेच्या केळ्यांसाठी वर्षाला २० लाख टनांचा कोटा ठरला. त्या मर्यादेत टनामागे १०० एक्यू, म्हणजे युरोपूर्वीच्या हिशेबी चलनात १००, इतके शुल्क होते आणि त्यापलीकडच्या मालावर ८५०. शिवाय आयात परवान्यांचा ठरावीक वाटा युरोपातील व पूर्वीच्या वसाहतींमधील केळ्यांचा व्यापार करणाऱ्यांसाठी राखून ठेवला गेला. जर्मनीने या व्यवस्थेविरुद्ध युरोपीय न्यायालयात दाद मागितली, पण १९९४ मध्ये ती हरली. अमेरिका या तंट्यात पडली त्याचे कारण याच परवान्यांत आहे. केळी लॅटिन अमेरिकेतील असली तरी ती युरोपात पोहोचवणाऱ्या चिकिटा आणि डोल या मोठ्या कंपन्या अमेरिकी होत्या, आणि त्यांचा बाजार आक्रसू लागला होता.

अमेरिकेने इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास आणि मेक्सिको यांच्यासह जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि १९९७ मध्ये निकाल युरोपविरुद्ध लागला. युरोपने केलेल्या दुरुस्त्या पुरेशा ठरल्या नाहीत, म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेला वर्षाला १९ कोटी १४ लाख डॉलरच्या मालावर प्रतिशुल्क लावण्याची परवानगी मिळाली. हे शंभर टक्के शुल्क युरोपातून येणाऱ्या हातपिशव्या, चादरी, बॅटऱ्या अशा वस्तूंवर बसले. केळ्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या कारागिरांना ही झळ सोसावी लागली, हे मला या प्रकरणातील मोठे अन्यायाचे अंग वाटते. पुढे कोटा जाऊन २००६ पासून टनामागे १७६ युरो असे सरळ शुल्क आले, डिसेंबर २००९ च्या जिनिव्हा करारात ते टप्प्याटप्प्याने ११४ युरोवर आणण्याचे ठरले, आणि २०१२ मध्ये तंटा अधिकृतपणे मिटला.

तोवर सेंट लुसिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट या कॅरिबियन बेटांवरील डोंगरउतारावरचे छोटे शेतकरी मात्र मागे पडले होते. त्यांची सगळी मदार सवलतीवर होती. ती आटत गेली तशी अनेकांनी केळीबागा मोडल्या. आपल्याकडे निर्यातीची चर्चा होते तेव्हा या शेतकऱ्यांची आठवण कोणी काढत नाही, याची मला खंत वाटते.

आता आपल्या मालाविषयी. भारत लोमे गटात कधीच नव्हता. त्या गटातील आफ्रिकी व कॅरिबियन देशांची केळी आज शुल्काविना जातात आणि इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टारिका यांना स्वतंत्र करारांमुळे टनामागे ७५ युरो पडतात. करार नसेल तर ११४ युरो, म्हणजे किलोमागे सुमारे ११ सेंट. हा फरक लहान नाही. तरीही माझ्या मते खरी अडचण अंतर आणि फवारणीच्या औषधांचे फळांत उरणारे अवशेष या दोन गोष्टींची आहे. केळी तेरा-चौदा अंश तापमानात कच्चीच न्यावी लागतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. अवशेषांची गोष्ट त्याहून कडक आहे. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अवशेष किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि पूर्वी केळीसाठी बरीच सैल मर्यादा असलेल्या क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकालाही २०२० पासून हीच मर्यादा लागू आहे. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : डिसेंबर २०१९ पासून युरोपात जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ताज्या फळाला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, परंतु अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना त्यातून सूट आहे. अवशेषांच्या मर्यादेतून मात्र सुटका नाही, म्हणून बागेतील प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि मात्रा यांची नोंद आजपासूनच ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. भारत आणि युरोप यांच्यातील करार उद्या लागू झाला तरी अशा नोंदींविना युरोपचा खरेदीदार माल घेणार नाही.

प्रश्न : जर्मनी किंवा नेदरलँड्स यांच्याशी भारताने स्वतंत्र व्यापार करार करणे सोपे नाही का?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : तसा करार करण्याचा अधिकारच त्या देशांकडे राहिलेला नाही. १९६८ पासून त्यांचे बाहेरील मालावरचे शुल्क एकच आहे, त्यामुळे रॉटरडॅमला उतरलेला माल पुढे कोणत्याही सदस्य देशात पुन्हा शुल्क न भरता जातो. वाटाघाटी युरोपीय आयोग करतो, त्यासाठीची मुभा सदस्य देशांची परिषद देते आणि युरोपीय संसदेची संमती लागते. काही करारांना प्रत्येक देशाच्या संसदेचीही मान्यता लागते. २०१६ मध्ये बेल्जियममधील वालोनिया या एका प्रांताने कॅनडाबरोबरच्या करारावरील सही कित्येक दिवस अडवून धरली होती. भारताशी २००७ मध्ये सुरू झालेली बोलणी २०१३ मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामागेही युरोपीय संघातील सत्तावीस देशांच्या हितसंबंधांची ही गुंतागुंत आहे. ब्रिटन संघाबाहेर पडल्यामुळेच जुलै २०२५ मध्ये त्याला भारताशी स्वतंत्र करारावर सही करता आली.

आपल्या अभ्यासासाठी एक सुचवतो. युरोपशी होणाऱ्या कोणत्याही कराराच्या शुल्कतक्त्यात केळ्यांचे शीर्षक, म्हणजे मालाचा वर्ग दाखवणारा क्रमांक, ०८०३ आणि कापसाचे ५२०१ पाहावे. कच्च्या कापसावर युरोपात आजही शुल्क नाही, परंतु त्याच कापसाच्या तयार कपड्यांवर ते १२ टक्क्यांपर्यंत जाते. खानदेशातून गाठी पाठवायच्या की कपडे, या प्रश्नाचा अभ्यास त्या तक्त्यापासूनच सुरू करावा लागेल.