'चालतंय की' या शब्दावर अंगठा देऊ नका

कोल्हापुरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या मालकांनी कुत्र्यामुळे घर सोडायला सांगितलं. बरीच पायपीट केल्यावर ताराबाई पार्कात जागा मिळतेय. नव्या मालकांना फोनवर लॅब्रेडॉरबद्दल सांगितलं, ते 'चालतंय की' म्हणाले, टोकन दिलं. आता एजंटनं पाठवलेल्या मसुद्यात 'घरात कोणताही प्राणी पाळणार नाही' अशी अट आहे. एजंट म्हणतो, ती सगळ्याच करारांत असते, अंगठा देऊन टाका. द्यावा का?

ती ओळ निघाल्याशिवाय देऊ नका. असं विचारणारी पत्रं वरचेवर येतात आणि बहुतेक अंगठा दिल्यानंतरची असतात. तुम्ही आधी विचारलंत, हे चांगलं झालं. पण राजारामपुरीचा करारही न वाचताच सही केला होता, असं तुम्हीच लिहिता. हे घर त्याच सहीमुळे सुटतंय, ताई. निदान या वेळी प्रत्येक पान वाचा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली लेखी लिव्ह अँड लायसन्स करारात (म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारात, तुमचा असतो तसा) जे नमूद आहे, तो निर्णायक पुरावा धरला जातो. मग फोनवर काय ठरलं होतं, हे सांगायला फारशी जागा उरत नाही. मालक आज मनापासून हो म्हणत असतील. उद्या शेजाऱ्यांची तक्रार आली किंवा व्यवहार त्यांच्या मुलाच्या हाती गेला, तर कागदच बोलणार.

कुत्र्यांवर बंदी घालताच येत नाही, असं मैत्रिणी सांगतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती प्रामुख्याने सोसायट्यांसाठी. सोसायटी अडवू लागली तर त्यांचा आधार घेता येईल. मालकासोबत तुम्ही स्वतः मान्य केलेली अट त्यांनी पुसली जाईल, असं मी सांगणार नाही.

त्या ओळीच्या जागी हे घाला (यातली 'परवानाधारक' म्हणजे तुम्ही, भाडेकरू): 'परवानाधारकासोबत लॅब्रेडॉर जातीचा एक पाळीव कुत्रा राहील. याची मालकास माहिती असून त्यास संमती आहे. केवळ कुत्रा ठेवल्याच्या कारणावरून हा करार मुदतीपूर्वी संपुष्टात आणता येणार नाही.' फॉरमॅट ठरलेला आहे, बदलता येत नाही, असं एजंट म्हणेल. ऐकू नका. ऑनलाइन नोंदणीतही जादा अटी घालता येतात. दारांवर ओरखडे उठले तर डिपॉझिटमधून किती कापणार, तेही आत्ताच लिहून घ्या आणि चावी घेताना घराचा व्हिडिओ काढा. मालक ही अट लिहून द्यायला तयार नसतील, तर त्यांचा होकार खरा नाही. टोकन परत मागा. ते मिळेलच असं नाही, पावतीवर काय लिहिलंय त्यावर आहे.

नंतर कोर्टात बघू, हा विचार सोडून द्या. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं. त्यासाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. पण डिपॉझिटचा दावा सुरू होतो खालच्या दिवाणी न्यायालयात, आणि तिथे नुसत्या तारखा पडत राहतात. याचा मला संताप येतो. कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, त्यातली तीन-चार तारखांत का घालवायची?

आणि पत्रात शेवटी सहज लिहिलेली गोष्ट मला सगळ्यात घाईची वाटते. राजारामपुरीच्या कराराची मुदत संपली आहे आणि तुम्ही अजून तिथेच राहता. त्याच कलम 24 प्रमाणे मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याकडून करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. ताराबाई पार्कचं काही ठरो वा न ठरो, जुन्या मालकांना आजच मेसेज करा. कोणत्या तारखेपर्यंत, किती भाड्यावर राहू देताय, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. फोन करू नका.