नाटक शिकायचे, तेही कम्युनिटी कॉलेजात?

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात मराठी कुटुंबांसाठी शैक्षणिक समुपदेशन करताना मार्च-एप्रिलच्या सुमारास एक चिंता हमखास माझ्यापुढे येते. मुलगा किंवा मुलगी विद्यापीठात मिळालेली जागा सोडून कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात, जायचे म्हणते, आणि विषयही असा निवडते की त्यातून पोट कसे भरणार हे आईवडिलांना कळत नाही. पुढील प्रकरण अशाच एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

फ्रीमॉन्टमध्ये राहणाऱ्या या कुटुंबातील अठरा वर्षांच्या मुलीला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एका शाखेत जीवशास्त्रासाठी प्रवेश मिळाला होता, आणि तो स्वीकारण्याची शेवटची तारीख १ मे होती. त्याऐवजी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाट्यकला शिकण्याचा विचार तिने बोलून दाखवला, तेव्हापासून बापलेकीत अबोला होता. "मॅडम, नाटकाला आमची ना नाही," वडील म्हणाले. "आधी स्वतःच्या पायावर उभी राहा, मग हवी तेवढी नाटकं कर. डॉ. लागू, डॉ. घाणेकर, डॉ. आगाशे, सगळे आधी डॉक्टर झालेच ना?" मुलीचे उत्तरही तयार होते. शेजारच्याच हेवर्डमधील शाबो कॉलेजात हॉलिवूडचा नट टॉम हँक्स शिकला होता, आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून त्याने आपल्या घडणीचे श्रेय त्या कॉलेजाला दिले होते.

दोघांनीही ही नावे बाजूला ठेवावीत, असे मी सुचवले. डॉ. श्रीराम लागू चाळिशी ओलांडल्यावर शस्त्रक्रिया सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले, म्हणजे वडिलांचा दाखला अर्धा त्यांच्यावरच उलटत होता. आणि हँक्सच्या वर्गातील बाकीच्या मुलांचे पुढे काय झाले, हे मुलीला सांगता येत नव्हते. लोकोत्तर माणसांच्या आयुष्यावरून आपल्या घरातले निर्णय घेऊ नयेत, असे माझे मत आहे.

या घरातील भांडणात दोन निराळ्या चिंता एकमेकींत गुंतल्या होत्या. कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी प्रतीचे शिक्षण ही पहिली, आणि नाटकावर माणूस जगू शकत नाही ही दुसरी. वडील एकीवर बोलता बोलता नकळत दुसरीवर जात, त्यामुळे मुलीने कशाचेही उत्तर दिले तरी ते अपुरे पडे. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही फक्त कॉलेजविषयी बोललो.

कॅलिफोर्नियाचे रहिवासी असणाऱ्या विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याच्या एका श्रेयांकाला, ४६ डॉलर शुल्क पडते. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांची साधारण ६० युनिटे धरली, तर शिक्षणशुल्क २,७६० डॉलर होते. पुस्तके, वाहनतळ आणि किरकोळ शुल्के वेगळी. नाट्यकलेत ट्रान्स्फरसाठीची, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची, दोन वर्षांची सहयोगी पदवी घेतली, तर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या राज्यभरातील विद्यापीठांच्या व्यवस्थेत तिसऱ्या वर्षाला जागा मिळण्याची हमी आहे. हा कायदा २०१० मध्ये झाला. ही हमी संपूर्ण व्यवस्थेची आहे, त्यातील विशिष्ट विद्यापीठाची नाही, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही. हे सगळे ऐकल्यावर वडिलांचा सूर थोडा बदलला, कारण पैशाचे गणित त्यांना पटणारे होते. तरीही मी एक कटू गोष्ट त्यांच्यापासून लपवली नाही: दोन वर्षांत ठरल्याप्रमाणे ट्रान्स्फर घेणारे विद्यार्थी थोडे असतात, आणि अनेकांना तीन किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. बुद्धी कमी पडली म्हणून असे क्वचितच होते. चुकीचे विषय घेतल्याने, नोकरीमुळे, किंवा हवा तो वर्ग त्या सत्रात न मिळाल्याने ते अधिक होते.

मुलीच्या मनातही एक गैरसमज होता, आणि तो अधिक महागात पडला असता. दोन वर्षे इथे काढून पुढे एखाद्या नामवंत संस्थेत अभिनयाच्या बीएफएच्या, म्हणजे कलेच्या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षात जाता येईल, असे ती धरून चालली होती. अभिनयाचे बहुतेक बीएफए अभ्यासक्रम ऑडिशन घेऊन प्रवेश देतात, आणि त्यांचे प्रशिक्षण पायरीपायरीने चालत असल्यामुळे मागून आलेल्या विद्यार्थ्याला अनेकदा पहिल्या वर्षापासूनच बसावे लागते, मग त्याच्याकडे कितीही युनिटे जमा असोत. दोन अधिक दोन वर्षांचा हिशेब मुख्यतः बीएसाठी जुळतो. हे ऐकून तिचा चेहरा उतरला, पण तिने वही काढून लिहून घेतले.

दुसऱ्या भेटीत नाटकाचा विषय निघाला. वडील पुण्यात अभियांत्रिकी शिकत असताना पुरुषोत्तम करंडकाच्या संघात होते, हे मला आईकडून कळले होते. मी त्याबद्दल विचारले, तेव्हा टेंपोतून नेपथ्य भरत नाट्य मंदिराला कसे नेले, दिग्दर्शकाशी भांडण कसे झाले, हे त्यांनी बराच वेळ रंगून सांगितले. नाटकाविषयीची त्यांची सगळी कल्पना तिथूनच आली होती: अभ्यास सांभाळून, पावसाळ्यात दोन-तीन महिने, रात्री जागून करायची गोष्ट. ज्याला विषय म्हणून गुण मिळतात, ज्यात नाट्यसंहितेचे विश्लेषण, रंगभूमीचा इतिहास, नेपथ्याची सुतारकी आणि प्रकाशयोजनेतील विजेचे काम शिकवतात, आणि जिथे तालमीचे तासही युनिटांत मोजले जातात, असे नाटक त्यांनी पाहिलेच नव्हते. अमेरिकेतील अशा वर्गात अठरा वर्षांच्या मुलांशेजारी निवृत्त माणसे आणि दिवसा नोकरी करून आलेली माणसेही बसतात.

मग मी मुलीला विचारले, की तिला नट व्हायचे आहे का. ती म्हणाली, "मला अजून माहीत नाही. शाळेच्या नाटकात मी स्टेज मॅनेजर होते, तेच मला जास्त आवडलं. पण आवडतं म्हणून पोट भरेल का, ते बघायचंय, आणि ते बघायला बाबांचे एवढे पैसे घालवायचे नाहीत." पोरखेळ म्हणून ज्याची घरात हेटाळणी चालली होती, त्यामागे हा विचार होता. आई लगेच म्हणाली, "हे तू आम्हाला कधी सांगितलंस?" त्यावर मुलगी काही बोलली नाही.

पोटापाण्याच्या प्रश्नावर मी दोन्ही बाजू मांडल्या. बे एरियात व्यावसायिक रंगभूमी आहे, पण ती सध्या अडचणीत आहे. ओरिंडा येथील कॅलिफोर्निया शेक्सपिअर थिएटर सुमारे ५० वर्षांनंतर २०२४ मध्ये बंद पडले. नटाचे उत्पन्न अनियमित असते आणि बहुतेक नट दुसरे काही काम करतच जगतात. पडद्यामागील कामाची स्थिती थोडी निराळी आहे: प्रकाश, ध्वनी आणि रंगमंच बांधणी यांतील कौशल्य नाटकाबाहेर संमेलने, मैफली आणि चित्रीकरणातही लागते, आणि या कामगारांची आयएटीएसई ही संघटना १८९३ पासून आहे. यातून सुखवस्तू आयुष्याची खात्री मिळत नाही, आणि तशी खात्री देणे माझे कामही नव्हते. वडिलांना निदान हे दिसले, की हे क्षेत्र म्हणजे नशिबावर सोडलेला जुगार नाही.

आईची चिंता सर्वांत शेवटी बाहेर आली. "तालीम साडेदहाला संपली तर ही एकटी गाडी चालवत येणार का?" आणि थोड्या वेळाने, "ताई, सांगलीला फोनवर काय सांगू?" पहिल्या प्रश्नावर व्यवहार्य तोडगा निघाला; तालमीच्या काळात सकाळच्या आठचा वर्ग घ्यायचा नाही आणि शक्य तेव्हा कोणाच्या तरी सोबतीने यायचे, असे ठरले. दुसऱ्या प्रश्नावर मी इतकेच म्हटले, की मुलगी कॉलेजात पदवीसाठी शिकते आहे, हे उत्तर पूर्णपणे खरे आहे.

शेवटी विद्यापीठाची जागा सोडायचे ठरले, पण काही अटींवर. पहिल्या सत्रात अभिनयाचा प्राथमिक वर्ग आणि स्टेजक्राफ्ट (रंगमंचाची तांत्रिक कामे) यांच्या जोडीला इंग्रजी लेखन आणि संख्याशास्त्र घ्यायचे, कारण पुढे विषय बदलला तरी हे दोन वर्ग वाया जात नाहीत. प्रत्येक वर्ग घेण्यापूर्वी तो कोणत्या विद्यापीठात कशासाठी धरला जातो, हे 'असिस्ट' या राज्याच्या संकेतस्थळावर पाहायचे आणि कॉलेजातील ट्रान्स्फर समुपदेशकाला दरसत्री भेटायचे. वडिलांची अट होती, की वर्षअखेर तिने स्वतः बसून पुढचा बेत त्यांना समजावून सांगावा. गुणांविषयी मात्र मध्ये विचारायचे नाही, ही मुलीची अट त्यांनी कुरकुरत मान्य केली.

वर्ष संपल्यावर तिघे पुन्हा आले. अभिनयाच्या वर्गात तिचे मन रमले नव्हते. ऑडिशनची तिला भीती वाटे आणि ती भीती गेली नाही. प्रकाशयोजनेच्या वर्गात मात्र ती शिडीवर चढून दिवे लावायला शिकली, आणि वसंत सत्रातील नाटकाचे सगळे प्रकाशसंकेत तिने चालवले. संख्याशास्त्र तिने अर्धवट सोडले होते, त्यामुळे ट्रान्स्फर तिसऱ्या वर्षापर्यंत लांबण्याची शक्यता होती, आणि वडील त्यावर नाराज होते. त्यांची नाराजी मला रास्त वाटली, तसे मी मुलीला सांगितलेही. उन्हाळी सत्रात तो वर्ग पुन्हा घेऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे येथील राज्य विद्यापीठांत अर्ज करायचे, असा बेत तिने कागदावर मांडून आणला होता. वडिलांनी त्यात लेखापालनाचा एक वर्ग घालायला लावला, आणि तो घ्यायचा की नाही यावर त्यांचा वाद अजून चालू आहे.