टीएसएच नॉर्मल आलं म्हणजे मनाचे खेळ?

तुम्ही विचारलंय की ग्रंथींचा मेंदूशी संबंध काय, आणि टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, रक्तात मोजतात) नॉर्मल असूनही बहिणीला सतत थकवा आणि थंडी कशानं. घरचे म्हणतात मनाचे खेळ. ते शेवटचे दोन शब्द वाचले आणि लिहायला बसले. माझ्या आईनं ते १९ वर्षं ऐकले.

१९९० साली धाकट्या भावाच्या वेळी तिची वार पडली नाही, रक्त थांबेना. जीव वाचला, पण दूध थेंबभरही आलं नाही. शतावरी झाली, हळिवाची खीर झाली, शेवटी भाऊ शेळीच्या दुधावर वाढला. आई तेव्हा २६ वर्षांची. पाळी परत आलीच नाही. काखेतले केस गेले, भुवया विरळ झाल्या. चैत्रातल्या उन्हातही अंगावर गोधडी. भाकरी थापता थापता पीठ परातीत तसंच ठेवून भिंतीला टेकायची, डोळे मिटायची. मागे तव्यावरची भाकरी करपायची. आत्या म्हणायची, "वहिनीला कामाचा कंटाळा आहे, सोंगं सगळी." बाबा गप्प बसायचे, त्याचा राग मला अजून आहे. मध्ये एकदा कुणीतरी एकटं टीएसएच करून "थायरॉईड नाही" असं सांगितलं, आणि आत्याला कागदच मिळाला.

२००९ मध्ये साध्या जुलाब-उलट्यांनी आई बेशुद्धीला आली. सोडियम ११२; असायला हवं १३५ ते १४५. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? दूध आलं होतं का?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. कॉर्टिसॉल, म्हणजे अंगावरचा ताण झेलायला लागणारं अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन, जवळजवळ नाहीच. टीफोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, अगदी कमी. टीएसएच मात्र नॉर्मल! एमआरआयमध्ये पियुषिकेची (पिट्युटरी ग्रंथीची) हाडातली खोबण जवळजवळ रिकामी.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पियुषिका मेंदूच्या खाली लोंबते, वाटाण्याएवढी, वजन अर्धा ग्रॅम. वरून हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग बारीक रक्तवाहिन्यांतून तिला हुकूम पाठवतो, ती पुढे थायरॉईड, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि बीजकोशांना कामाला लावते. दुधासाठीचं प्रोलॅक्टिनही तिचंच. गरोदरपणात ती फुगते, रक्ताची गरज वाढते. बाळंतपणात रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला तर ती उपाशी मरते. ब्रिटिश डॉक्टर शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडलं, आजाराला त्यांचंच नाव आहे. आणि टीएसएच थायरॉईड बनवतच नाही, पियुषिका बनवते. हुकूम देणारीच आजारी असेल तर टीएसएचच्या आकड्यावर विसंबता येत नाही. सोबत फ्री टीफोर (रक्तात मोकळा असलेला टीफोर) बघावाच लागतो. एकट्या टीएसएचवर बाईला "तुला काही नाही" म्हणणं चूक आहे, मग म्हणणारा कितीही मोठा डॉक्टर असो.

आईला आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलच्या जागी देतात ते स्टेरॉईड) दिलं, मग थायरॉक्सिन (टीफोरची गोळी). हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेततं, कारण थायरॉक्सिन सुरू होताच उरलंसुरलं कॉर्टिसॉलही लवकर संपतं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला जाग आली तेव्हा अंगणात झाडूचा आवाज येत होता. आई झाडत होती. गोधडी घडी करून पेटीवर ठेवलेली.

बहिणीचं बाळंतपण झालं असेल तर रक्तस्राव, दूध आणि पाळी या तीन गोष्टी तिला विचारा. त्यात काही आढळलं तर हार्मोनच्या डॉक्टरांकडे न्या. ते सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि फ्री टीफोर सांगतील. मनाचे खेळ म्हणणाऱ्याला तोवर गप्प करा.

बहुतेक थकवा याचा नसतो, हेही सांगते. हिमोग्लोबिन, बी-१२, झोप आधी बघा. नैराश्य असेल तर तोही आजारच, सोंग नव्हे. सगळ्या ग्रंथी पियुषिकेच्या हुकमात असतात असंही नाही. स्वादुपिंड मुख्यतः रक्तातली साखर बघून इन्सुलिन सोडतं. आणि स्टेरॉईड कुणाच्या सांगण्यावरून, माझ्याही, सुरू करू नका.

आत्या आता ऐंशीला टेकली. मागच्या दिवाळीत परत म्हणाली, "आम्हीही बाळंतपणं काढली." मी फाईल पुढ्यात ठेवली. चष्मा नाही म्हणाली. मग मीच वाचून दाखवली, पहिल्या पानापासून, आई शेजारी बसलेली असताना.