धुरकट आलं म्हणून आणखी कडक पॅड नको, आणि त्या ओरखड्याचा नाद सोडा

काळी गाडी, नवं ड्युअल ॲक्शन पॉलिशिंग मशीन (पॅड गोल फिरता फिरता डुलतोही असं), मायक्रोफायबर पॅडने कंपाउंड (जाड कणांचं पॉलिश) मारल्यावर स्वर्ल (धुण्यापुसण्याने पडलेले बारीक गोल ओरखडे) गेले पण बॉनेट धुरकट दिसतंय, दाराच्या उठलेल्या रेषेवरचा नखाला अडकणारा ओरखडा चार वेळा हात मारूनही तसाच आहे, तेव्हा आता रोटरी (पॅड नुसता गोल फिरवणारं, जास्त जोरकस मशीन) घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. ‘चार वेळा’ या शब्दांपर्यंत ही माझीच गोष्ट आहे. फरक इतकाच की तुम्ही विचारलंत आणि मी न विचारता पाचवा हात मारला.

आधीच सांगते, मी व्यावसायिक डिटेलर नाही. घरच्या आणि मैत्रिणींच्या गाड्या हौसेने करते. तुमचा रंग मी पाहिलेला नाही, त्यामुळे ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. धुणं, क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) फिरवणं, सावलीत काम करणं हे सगळं तुम्ही केलं असणार असं धरून चालते.

धुरकटपणाचं आधी, कारण तो सोपा आहे. तो राहिलेला जुना दोष नाही, तुमच्याच पॅडने पाडलेले अतिबारीक ओरखडे आहेत. रंग मऊ असला की मायक्रोफायबर पॅड आणि जाड कंपाउंड असंच करतात, आणि काळ्यावर ते लपत नाही. म्हणजे इथून पुढे कडक नाही, मऊ व्हायचं. फिनिशिंगचा फोम पॅड, बारीक पॉलिश, मशीनचं वजन पुरे, वरून दाब नको. दीड-दोन फुटांच्या चौकोनावर करून बघा आणि तिथे जमलं तरच पुढे सरका. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिला चिकटतो त्या तबकडीच्या, कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. काम करताना रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली तर पॅड नुसता थरथरतोय, दाब जास्त आहे किंवा मशीन वाकडं धरलंय. पॅड प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने झाडायचा. एका पॅडवर अख्खी गाडी काढणारे लोक पाहिलेत मी, नंतर ते कंपाउंडला शिव्या देतात.

आता दार.

माझी गाडी लाल होती, दुसऱ्याकडून घेतलेली. बॉनेट, छप्पर, डिकी सुरेख झालं होतं. राहिला होता डाव्या दाराच्या रेषेवरचा, किल्लीने पडल्यासारखा एक ओरखडा. नख अडकत होतं. नख अडकलं की ओरखडा पॉलिशने पूर्ण घालवण्याच्या पलीकडे गेलेला असतो, हे मी वाचलेलंही होतं. पण बाकी गाडी आरशासारखी झाल्यावर माणसाला तेवढंच दिसायला लागतं. मशीन जरा तिरकं केलं, पॅडची कड रेषेवर टेकवली आणि दाबलं. पाचव्या हाताला पॅडवर लाल उतरलं.

इथेच माझी खरी चूक झाली. जुन्या गाड्यांचा रंग कधीकधी एकाच थराचा असतो, वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतो, अशा गाडीला पॉलिश मारताना रंग पॅडवर येतोच आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं कुठेतरी वाचलेलं सोयीने आठवलं. आणखी दोन हात मारले. अहो, पण बॉनेट, छप्पर, डिकी होईपर्यंत पॅडवर लालचा ठिपका नव्हता! एका थराचा रंग असता तर पहिल्या चौकोनालाच उतरला असता. गाडीला क्लिअर होतं, आणि त्या रेषेवरचं मी खाऊन टाकलं होतं. पुसून पाहिलं तर बोटभर लांबीचा मॅट डाग, कडेने चमकदार किनार.

क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जेमतेम निम्मा. कडांवर आणि उठलेल्या रेषांवर तो मुळातच पातळ बसतो, शिवाय तिथे पॅडचा सगळा दाब एका चिंचोळ्या पट्टीवर येतो. त्यातून सगळी जाडी आपल्याला वापरायलाही नसते. उन्हापासून वाचवणारे घटक वरच्या भागात जास्त असतात, त्यामुळे आरपार गेलं नाही तरी पातळ झालेलं क्लिअर पुढे उन्हात दगा देऊ शकतं.

नंतर कळलं की आधीच्या मालकाच्या काळात एका वर्कशॉपने दर सर्व्हिसिंगला न विचारता रोटरीने ‘रबिंग-पॉलिश’ केलं होतं. किती वेळा, कुठल्या पॅनेलवर, एवढंच विचारायला गेले. काउंटरवरच्याने आत पाठवलं, आतल्याने पेंटरकडे, पेंटर रजेवर. बिलांवर नुसतं ‘पॉलिश’. तिसऱ्या खेपेला मलाच ऐकवलं की घरी मशीन मारलंत तर असंच होणार. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं. एक हिशेब लिहून ठेवायला काय जातं यांचं? तेव्हापासून फुकटचं पॉलिश मी बिलावर लिहून नाकारते. धुणंसुद्धा नको म्हणते, त्यांच्या एका फडक्यात माझे दोन रविवार जातात.

शेवटी अख्ख्या दाराला रंग. क्लिअरचा ठिगळ मधेच लावला तर त्याची कड पुढे दिसायला लागते, म्हणून पॅनेल कडेपासून कडेपर्यंत करावं लागतं. एका ओरखड्यासाठी!

म्हणून रोटरीचे पैसे आधी जाडी मोजायच्या गेजमध्ये घाला, असं माझं ठाम मत आहे. मूळ रंगाचे सगळे थर मिळून बहुतेक १०० ते १५० मायक्रॉन भरतात. एखादं पॅनेल २०० च्या वर गेलं तर तिथे पुन्हा रंग झालेला असण्याची शक्यता मोठी. पण साधं गेज एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअर किती ते नाही. आकडा मोठा म्हणून बिनधास्त दाबू नका, पुन्हा रंगवलेल्या दारावर खाली प्रायमर जाड आणि वर क्लिअर नावापुरतं असंही असू शकतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे गेज चालत नाही. बंपर तापतोही लवकर, तिथे हात आणखी हलका.

ओरखड्याचं म्हणाल तर रेषेवर टेप लावून ती झाका, आजूबाजूला मऊ पॅडने काम करा आणि आतली पांढरी रेघ टच-अपच्या रंगाने भरा. जवळून दिसेल. दिसू दे. तुम्ही चार हात आधीच मारलेत, तिथलं भांडवल संपत आलंय असंच धरा. कोणी ‘नवीनसारखं करून देतो’ म्हणालं तर पॉलिशनंतर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघायला सांगा. तेलकट फिलरने बुजवलेले ओरखडे तिथेच उघडे पडतात.

टेपचं एक राहिलं. रबर आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याही झाका, कंपाउंड वाळून पांढरं झालं की खाचांतून निघता निघत नाही. आणि टेप त्याच दिवशी काढा. मी एकदा रात्रभर उन्हाळ्यात तशीच ठेवली होती, गोंद काढण्यात दुसरा दिवस गेला.