ग्रेन कोस्टला ‘धान्य किनारा’ लिहू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आठ वर्षांपूर्वीचं आमचं प्रदर्शन डोळ्यांसमोर आलं. शाळेच्या भिंतीवर पश्चिम आफ्रिकेचा जुना नकाशा मराठीतून रंगवताय, व्यापारी मालावरून पडलेली किनाऱ्यांची नावं त्यावर लिहायचीत आणि ग्रेन कोस्टला ‘धान्य किनारा’ चालेल का, असं विचारलंय. नाही चालणार. पेंटरला आधी फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

मी नेमकं हेच लिहिलं होतं. सांगलीत आम्ही चौघांनी मिळून बारा फलकांचं छोटं प्रदर्शन भरवलं होतं. गोल्ड कोस्ट सोन्याचा, आयव्हरी कोस्ट हस्तिदंताचा, मग ग्रेन कोस्ट धान्याचा, असं सरळ धरून चाललो. हा किनारा म्हणजे साधारण आजचा लायबेरिया. तिथं भात पिकतो हे वाचलेलं होतं, त्यामुळं शंकाच आली नाही. फलकावर भाताची लोंबी छापली, तीनशे पुस्तिकांतही तीच गेली.

दुसऱ्या दिवशी हळदीचे एक वयस्कर अडते प्रदर्शन बघायला आले. त्या फलकासमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “गुरुजी, भात एवढ्या लांब कोण नेणार? जहाजाचं भाडं तरी सुटेल का? वजनाला कमी आणि भावाला चढा, असाच माल लांब जातो.” मला उत्तर देता आलं नाही. रात्री पुस्तकं काढून बसलो तेव्हा उलगडा झाला. इथं ग्रेन म्हणजे मालागेटा मिरीचं बी. युरोपात त्याला ‘स्वर्गाचे दाणे’ म्हणायचे, आणि म्हणूनच त्या किनाऱ्याचं दुसरं नाव पेपर कोस्ट. आलं, हळद, वेलदोडा यांच्याच कुळातलं हे झाड. पुढं भाचीनं परदेशातून त्याची एक पुडी आणून दिली. तांबूस-तपकिरी, कोनदार, मिरीपेक्षा बारीक दाणे. चावला की आधी वेलदोड्यासारखा वास येतो आणि मागून जीभ चुरचुरते. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचला, आपली काळी मिरी समुद्रमार्गे जाऊ लागली आणि युरोपात हे दाणे हळूहळू मागं पडले. नाव मात्र नकाशावर राहिलं.

चूक माझीच होती, ती मान्य आहे. पण ती सुधारू दिली नाही, हे आजही सलतं. ज्या कार्यालयाचा हॉल होता, त्यांनी मजकूर तपासायला म्हणून दोन महिने ठेवून घेतला होता. परत आला तो ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करून आणि ‘सर्व नावांचे मराठीकरण करावे’ असा शेरा मारून. चूक सापडल्यावर मी स्वखर्चानं नवा फ्लेक्स करून घेऊन गेलो, तर म्हणाले, मजकूर बदलला की मंजुरी नव्यानं घ्यावी लागेल. निदान जुना तरी उतरवू द्या म्हटलं, तेही नाही. सहा दिवस पोरं वहीत ‘धान्य किनारा’ उतरवून घेत होती आणि मी बाजूला उभा होतो. पुस्तिका रद्दीत घालाव्या लागल्या.

तर माझ्या मते, ‘मालागेटा मिरीचा किनारा’ लिहा. नुसतं ‘दाणे किनारा’ शब्दाला धरून आहे, पण आपल्याकडं दाणे म्हटलं की शेंगदाणेच डोळ्यांसमोर येतात. हस्तिदंत किनारा बरोबर आहे. डच त्याला दातांचा किनारा म्हणायचे, आपल्या शब्दात तो दात आहेच. फक्त आजच्या देशाचं नाव वेगळं लिहा. त्यांच्या सरकारनं १९८६ पासून ‘कोत दिव्वार’ या फ्रेंच नावाचं (अर्थ तोच, हस्तिदंत किनारा) भाषांतर करू नका असं सांगितलंय. गोल्ड कोस्टवर पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये किल्ला बांधला तो एल्मिना, म्हणजे खाण. हाच प्रदेश ६ मार्च १९५७ ला घाना म्हणून स्वतंत्र झाला.

स्लेव्ह कोस्टबद्दल माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो. टोगो, बेनिन आणि नायजेरियाचा पश्चिम भाग. तिथं सोनं, मिरीसारखं मालाचं चित्र काढू नका. नाव लिहा आणि खाली स्पष्ट लिहा की इथून माणसं पकडून, जहाजात कोंडून विकायला नेली. ही सगळी नावं खरेदीदारांनी ठेवलेली आहेत, तिथं राहणाऱ्यांनी नव्हे, एवढं एक वाक्य कोपऱ्यात असावं.

मुलं जवळचं उदाहरण मागतीलच. मुंबईतलं लकडी बंदर, कोळसा बंदर सांगा, लगेच समजतं.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, निवृत्त भूगोल शिक्षक आहे. नावांचं अंतिम रूप जाणकाराकडून बघून घ्या. पेंटरकडून आधी कागदावर खडूनं नमुना काढून घ्या, भिंतीवरचा ऑइलपेंट खरवडणं फार त्रासाचं असतं. त्या पुडीतले थोडे दाणे अजून माझ्याकडं आहेत. वास उडालाय, पण मुलांना हातात धरून बघता येतील. विट्याकडं येणारं कुणी असेल तर त्यांच्या हाती पाठवतो.